हुकूमनामा आणि पतअहवाल

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

न्यू जर्सीतील एडिसनला घर भाड्याने घेताना, भाडेकरूंची माहिती पुरविणाऱ्या एका कंपनीने तुझ्या नावावर दिवाणी हुकूमनामा दाखविला आणि एक्विफॅक्स, एक्स्पीरियन व ट्रान्सयुनियन या कंपन्यांच्या पतअहवालांत मात्र त्याचा मागमूसही नाही, यामुळे तू गोंधळलास, हे स्वाभाविक आहे. निरनिराळ्या राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांशी २०१५ साली झालेल्या तडजोडींनंतर या तिन्ही कंपन्यांनी असे ठरविले की, ज्या न्यायालयीन नोंदीत नाव व पत्ता यांच्या जोडीला जन्मतारीख किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही, अथवा जी निदान ९० दिवसांतून एकदा ताजी होत नाही, ती अहवालात ठेवावयाची नाही. आणि असा खासगी तपशील न्यायालये सार्वजनिक दप्तरात सहसा उघड करीत नसल्यामुळे, १ जुलै २०१७ पासून बहुतेक सर्व दिवाणी हुकूमनामे तेथून गळाले. परंतु अहवालातून गळालेला हुकूमनामा न्यायालयातून नाहीसा होत नाही: न्यू जर्सीत तो २० वर्षे अमलात राहतो, आणि ट्रेंटन येथील सुपीरियर कोर्टाच्या दप्तरी त्याची रीतसर नोंद झाली, की त्या राज्यात असलेल्या प्रतिवादीच्या स्थावर मिळकतीवर त्याचा बोजा चढतो.

म्हणून माझे मुख्य सांगणे हे की, दुरुस्तीचा आरंभ मूळ दप्तरापासून कर. सातबाऱ्याची नोंद चुकीची असेल, तर उताऱ्याच्या नकलेवर खाडाखोड करून काय उपयोग? दाव्याचा क्रमांक मिळवून क्लार्कच्या कचेरीतून शिक्क्याची नक्कल घे आणि नाव, पत्ता, रक्कम व तारीख ताडून पाहा. जोशी, पाटील, कुलकर्णी या आडनावांची माणसे त्या भागात पुष्कळ असल्यामुळे हुकूमनामा दुसऱ्याच इसमाविरुद्ध असण्याचा संभव आहे. तो तुझ्याविरुद्धच असून रक्कम फेडलेली असेल, तर धनकोकडून फेडीचा दस्तऐवज न्यायालयात दाखल करवून घे. आणि समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन तुला न कळताच एकतर्फी निकाल झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज वकिलाच्या सल्ल्याने विनाविलंब कर, कारण अशा अर्जास दिरंगाई मानवत नाही.

यानंतरच कंपनीकडे लेखी तक्रार, नकलेसह, पोच मिळेल अशा टपालाने धाड. १९७० चा पतअहवालविषयक कायदा अशा भाडेकरू-अहवालांनाही लागू असून, त्यानुसार सामान्यतः ३० दिवसांत चौकशी पुरी करून, ज्या नोंदीची शहानिशा होत नाही ती काढून टाकणे कंपनीस भाग आहे. मात्र ही शहानिशा कित्येकदा न्यायालयात कोणासही न पाठविता, ज्या पुरवठादाराने नोंद विकली त्यालाच पुन्हा विचारून उरकली जाते. तेव्हा ‘खातरजमा झाली’ एवढेच उत्तर आले तर स्वस्थ न बसता, ती कोणत्या रीतीने व कोणाकडून केली याचा खुलासा माग. तो मागण्याचा तुला हक्क आहे, आणि तो मागितल्यास १५ दिवसांत देणे कंपनीस बंधनकारक आहे. तरीही नोंद कायम राहिली, तर तुझे थोडक्यात निवेदन अहवालास जोडण्याचा आग्रह धर, आणि ग्राहक वित्तीय संरक्षण ब्यूरोकडे दाद माग.

खरी नोंदसुद्धा पुसून देऊ म्हणणाऱ्या दलालांस एक डॉलरही देऊ नकोस. पुढे घरकर्जाच्या अर्जात ‘आपल्याविरुद्ध न फेडलेला हुकूमनामा आहे काय’ असे विचारतील. तेथे अहवाल काय म्हणतो ते न पाहता, जे खरे असेल तेच लिही.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
मामा