औषधाचा कॅन धुतला तरी वास का जात नाही?

फवारणीचा हंगाम सरला की कीटकनाशकाचे रिकामे कॅन घरात साठतात. चांगला मजबूत कॅन टाकवत नाही. राख, सोडा लावून चार वेळा विसळला की त्यात पिण्याचे पाणी, गोडेतेल, क्वचित दूधसुद्धा ठेवले जाते. वास मात्र राहतोच. यात घासणाऱ्याची कसूर नाही. कारण प्लॅस्टिकच्या रचनेत आहे.

हे कॅन बहुधा पॉलिथिलीनचे असतात. पॉलिथिलीन म्हणजे फार लांब धाग्यांसारख्या रेणूंचा समूह. काही जागी हे धागे गंजीतल्या पेंढ्यांसारखे घट्ट रचलेले असतात. तो स्फटिकमय भाग. बाकीच्या जागी ते विस्कटलेल्या गवतासारखे गुंतलेले असतात. घट्ट भागात बाहेरचे काही शिरत नाही. जे शिरते ते गुंत्याच्या भागात. जाड कॅनच्या पॉलिथिलीनमध्ये घट्ट भाग सुमारे ६० ते ८० टक्के असतो, तर पिशवीच्या मऊ पॉलिथिलीनमध्ये साधारण निम्माच. औषध पिशवीत बांधून ठेवू नये, त्याचे हेही एक कारण.

गुंत्यात शिरकाव मिळतो तो सजातीयाला. पॉलिथिलीन हे डिझेलप्रमाणेच कार्बन व हायड्रोजनचे बनलेले, म्हणजे तेलाच्या गोत्यातले. पाणी त्यात जवळजवळ शिरत नाही; शंभर किलो पॉलिथिलीन दहा ग्रॅम पाणीही शोषत नाही. डिझेल, झायलीन यांसारखी द्रावणे मात्र सहज शिरतात. अनेक प्रवाही कीटकनाशके अशाच द्रावणात विरघळवलेली असतात, आणि द्रावणाबरोबर विषही भिंतीत मुरते. तेलकट रश्श्याने प्लॅस्टिकचा डबा पिवळा होतो व घासूनही पांढरा होत नाही, तोच हा प्रकार.

नायलॉनचे उलट आहे. ते पाण्याच्या ओढीचे. भिजत ठेवल्यास वजनाच्या ९ ते १० टक्के पाणी पिते. सुती दोर भिजला की आवळतो, नायलॉनचा सैल पडतो, हे आपण पाहिलेच असेल. झायलीनला मात्र ते फारसे दाद देत नाही. म्हणून काही औषधांच्या बाटल्यांना आतून नायलॉनचा पातळ थर देतात. पण म्हणून तीही बाटली घरात वापरू नये. आटे, मूठ व ओरखड्यांत औषध राहतेच.

पडताळा घ्यायचा असल्यास पॉलिथिलीनच्या पिशवीच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एक पाण्यात, दुसरी डिझेलमध्ये आठ दिवस ठेवा. पुसून पाहिल्यास पाण्यातली जशीच्या तशी, डिझेलमधली मऊ व किंचित लांब झालेली आढळेल.

आता धुण्याचे पाहू. पाणी पृष्ठभागावरचे औषध नेते. भिंतीत मुरलेल्यापर्यंत ते पोचतच नाही. पुढे त्याच कॅनमध्ये गोडेतेल किंवा दूध भरले की त्यातील स्निग्धांश हे विष हळूहळू बाहेर ओढतो. उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये ही क्रिया अधिक वेगाने होते. वास गेला म्हणजे विष गेले असेही समजू नये, कारण वास पुष्कळदा द्रावणाचा असतो.

तरीही कॅन रिकामा होताच तीन वेळा विसळावा. दर वेळी पाव भाग पाणी घालून झाकण लावून चांगला हलवावा व धुवण पंपातच ओतावे, म्हणजे औषधही वाया जात नाही. मग तळाला भोके पाडावीत. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही रिकामी वेष्टने उघड्यावर न टाकता फोडून वस्तीपासून दूर पुरण्यास सांगितले आहे. ती जाळू नयेत. घरात असा कॅन आधीपासून वापरात असेल, तर तेलाचा व दुधाचा आजच काढावा. पाण्याचाही ठेवू नये.