थीब्सची बहीण आणि अंबादेवीचं दार

प्रश्न : माझी मुलगी अमरावतीला एम. ए. करते. तिच्या अभ्यासक्रमातलं सोफोक्लीसचं 'अँटिगनी' सुट्टीत घरी आलं, तेव्हा मीही वाचून काढलं. बहीण भावाच्या प्रेताला मूठमाती देते, म्हणून राजा तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. वाचून मन हललं, पण दोन प्रश्न उरले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक राजघराण्यातल्या या भांडणाचा अकोल्यात बसलेल्या माणसाशी काय संबंध? आणि बरोबर कोण? देवाचा नियम मोठा म्हणणारी ती पोरगी, की राज्याचा हुकूम मोडू नका म्हणणारा राजा?
— एक वाचक, अकोला

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ईडिपसची दोन मुलं गादीसाठी लढतात आणि थीब्सच्या वेशीवर एकमेकांच्या हातून मरतात. गादीवर बसलेला मामा क्रेऑन हुकूम काढतो: एकाला मानानं निरोप, दुसरा परकी फौज घेऊन चालून आला म्हणून त्याचं प्रेत कुत्र्यागिधाडांसाठी उघड्यावर. अँटिगनी जाते आणि त्या प्रेतावर कोरडी माती टाकते. पहारेकरी ती झटकून टाकतात. ती भर दुपारी पुन्हा जाऊन माती टाकते आणि पकडली जाते. राजासमोर ती काही नाकारत नाही. तिचं म्हणणं असं की, तुझा हुकूम देवांनी काढलेला नाही. देवांचे नियम कुठे लिहिलेले नसतात, ते आजकालचे नाहीत, कधीपासून आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, आणि माणसाचा हुकूम त्यांच्यावर चढ ठरू शकत नाही.

या उत्तरावर युरोपनं कित्येक पिढ्या जीव टाकला. पॅरिस जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, 1944 साली, ज्याँ अनुईनं हीच कथा नव्यानं लिहून रंगभूमीवर आणली. डॉ. श्रीराम लागूंनी मराठीत आणलेली 'अँटिगनी' या अनुईची. सोफोक्लीसच्या मूळ नाटकापेक्षा ती वेगळी आहे, हे मुलीला सांगून ठेवा.

आता वऱ्हाडी वाचकाचं. 'लिहिलेलं नाही, कधीपासून आहे ठाऊक नाही, पण सरकारच्या वरचं आहे' हे शब्द ऐकून आपण लगेच टाळी वाजवावी का? मला वाटतं, आपण इथे क्षणभर थांबायला हवं. कारण हाच युक्तिवाद अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या दारात उभा होता, आणि तो अस्पृश्य ठरवलेल्यांना दार उघडण्यासाठी नव्हे, बंद ठेवण्यासाठी. पूर्वापार चालत आलंय, देवाधर्माचं आहे, त्यात कायद्यानं हात घालायचा नाही. या दारासाठी 1927 साली वऱ्हाडात लढा उभा राहिला. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात होते. त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषद चालू असतानाच मुंबईहून तार आली: थोरले बंधू बाळाराम गेले. सभेनं दुखवट्याचा ठराव केला आणि परिषदेचं काम पुढे चाललं.

अँटिगनी वाचताना मला दर वेळी ही तार आठवते. तिकडे बहीण भावाच्या प्रेतासाठी राज्याशी भांडते. इकडे भाऊ गेल्याची बातमी हातात घेऊन माणूस परक्यांच्या हक्कासाठी उभा राहतो. दोघांची निवड उलटी, पण दुःख एकाच नात्याचं. आणि पुढच्या सहाच आठवड्यांत बाबासाहेबांसमोर अगदी अँटिगनीचाच पेच आला. महाडच्या चवदार तळ्यावर पुन्हा जायचं ठरलं होतं, आणि सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. जमलेली माणसं हुकूम मोडून तुरुंगात जायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली, म्हणजे जुन्या नियमांचा ग्रंथ जाळला, आणि कोर्टाचा हुकूम मात्र पाळला. मग दावा लढवला. तो 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात संपला: तळ्यावर सवर्णांचाच हक्क असल्याची अनादि रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. 'कधीपासून आहे कुणाला ठाऊक नाही' या बोलण्याला कोर्टानं पुरावा मागितला आणि तो निघाला नाही!

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: अँटिगनी बरोबर आहे, पण तिचा नियम जुना आहे म्हणून नव्हे. तिचा नियम शत्रू ठरलेल्या माणसालाही माणसाचा शेवट देतो, म्हणून ती बरोबर. मी द्वेषात नव्हे, प्रेमात वाटेकरी व्हायला जन्मले, असं ती क्रेऑनला सांगते, आणि तिच्या बाजूचं खरं बळ तिथे आहे. अंबादेवीच्या दारातला नियम तितकाच जुना आणि अलिखित असेल, पण तो माणसाला बाहेर ठेवत होता. ही पारख युरोपातल्या वाचकाला अँटिगनीपाशी क्वचितच करावी लागली. आपल्याला ती केल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मला त्यातच दिसतं.

आणखी एक जागा. मरायला निघालेली अँटिगनी म्हणते, नवरा किंवा मूल गेलं असतं तर मी हे केलं नसतं. दुसरा नवरा, दुसरं मूल होऊ शकतं, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा कुठून आणू? गटेला हे इतकं खटकलं की, हा मजकूर मागाहून कुणी घुसडला असं सिद्ध झालं तर बरं, असं तो म्हणाला. जात्यावरच्या ओव्यांत भावाची वाट पाहणाऱ्या बाया ज्या मुलखात आहेत, तिथे हे बोलणं परकं वाटू नये. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार यांचं 'वाडा चिरेबंदी' (1985) याच्याशेजारी ठेवून वाचा. तिथेही घरातला मृत्यू आणि त्याचे विधी भावंडांना एकमेकांसमोर उभं करतात. तिथे हुकूम काढणारा राजा नाही, तेराव्याचा खर्च आहे.

आजच्यासाठी मात्र मी हायमनचा प्रवेश सर्वात मोलाचा मानतो. हायमन हा क्रेऑनचा मुलगा, अँटिगनीशी त्याचं लग्न ठरलेलं. तो बापाशी आधी भांडत नाही, अदबीनं बोलतो: तुमच्या तोंडावर कुणी बोलत नाही, पण अंधारात गाव त्या मुलीसाठी हळहळतंय, ते मला ऐकू येतं. पुराच्या काठची झाडं पाहा, वाकतात त्यांच्या डहाळ्या वाचतात, ताठ राहणारी मुळासकट जातात. महापुरातल्या लव्हाळ्याचं तुकोबांनी सांगितलं तेच हे. बाप चिडतो, गाव मला शिकवणार का विचारतो. मुलगा म्हणतो, एकाच माणसाचं असेल ते गाव नव्हे. ओसाड रानावर तुम्ही एकट्यानं छान राज्य कराल. ग्रामपंचायत असो, संस्था असो की घरचा कर्ता, हा संवाद आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे.

क्रेऑन शेवटी वाकतो, पण क्रम चुकवतो. आधी मुलीला सोडा, मग प्रेताचं पाहा, असं त्याला सांगितलेलं असतं. तो आधी प्रेताचे विधी उरकतो आणि मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीनं गळफास घेतलेला असतो. पाठोपाठ मुलगा जातो, मग बायको.

मुलगी पुढच्या सुट्टीत आली की हायमनचा प्रवेश दोघांनी मोठ्यानं वाचा. क्रेऑन तिला द्या, हायमन तुम्ही घ्या. नंतर पु. ल. देशपांडे यांचं 'राजा ओयदिपौस' काढा. अँटिगनीच्या बापाची हकिगत त्यात आहे, आणि भावांचं वैर कुठल्या घरातून आलं ते त्यावरून कळेल.