पाकिटं घेऊन ये

स्लाव, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. ओंकार,



परवा फोनवर तू रक्कम सांगण्याआधी विचारलंस, "आत्या, बाबांना सांगणार नाहीस ना?" तेव्हापासून मला चैन नाही. दोन हजार तीनशे पौंडांच्या थकबाकीचा आकडा मला घाबरवत नाही. तो सांगताना तुझा आवाज जसा खाली गेला, त्याने मात्र जिवाला लागलं. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. म्हणून फोनवर न बोलता सावकाश लिहिते आहे. हे पत्र एकदा वाचून ठेवून देऊ नकोस, बँकेला उत्तर लिहायला बसशील तेव्हा समोर घे.

आपल्या घरात कर्ज या शब्दाला वेगळं वजन आहे. आपल्या भाषेत पत म्हणजे उधारी मिळण्याची लायकी, आणि पत म्हणजे अब्रूसुद्धा. एक गेली की दुसरी गेली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथल्या बँकेच्या लेखी पत ही एक नोंद आहे. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्यांच्या दप्तरात ती असते. खातं थकलं आणि बँकेने 'डिफॉल्ट' नोंदवला, तर तो त्या तारखेपासून सहा वर्षं दिसतो, मग पुसला जातो. ती सहा वर्षं जड जातात हे खरं. घर भाड्याने घेताना, फोनचा करार करताना अडचण येते. पण तुझ्या आजोबांनी ज्याला अब्रू म्हटलं असतं, तिच्याशी त्या नोंदीचा काही संबंध नाही. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्यास तरच तू बँकेशी नीट बोलू शकशील.

मी त्या वेगळ्या ठेवल्या नव्हत्या. बर्मिंगहॅमला डिप्लोमा करत होते तेव्हा मलाही विद्यार्थी खात्यावर हजार पौंडांची उचल, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, मिळाली होती. शिक्षण संपलं, बिनव्याजी मुदत संपली, आणि १९९८मध्ये बँकेची पत्रं सुरू झाली. तुझे काका रात्रपाळीला असायचे, टपाल माझ्याच हाती यायचं. मी ती पाकिटं न फोडता तांदळाच्या डब्याखाली सारायची. तिसऱ्या पत्रानंतर धीर करून फोन केला. पलीकडच्या माणसाने कोरड्या आवाजात विचारलं, महिन्याला किती भराल? मला तेव्हा अर्धवेळ कामाचे चारशेच्या आसपास मिळायचे. मी म्हणाले, दीडशे. लाजेने म्हणाले. कमी सांगितलं तर हा माणूस मला काय समजेल, एवढंच डोक्यात होतं. दोन हप्ते भरले, तिसऱ्या महिन्यात भाडं थकलं आणि हप्ताही चुकला. मग दंड, त्यावर व्याज, आणि वर 'ठरलेलं न पाळणारी' असा शिक्का.

तुला जे मुख्य सांगायचं आहे ते हेच. चांगल्या घरातली मुलं पैसे बुडवायच्या इराद्याने अडचणीत येत नाहीत. भीतीपोटी न झेपणारं वचन देतात आणि तिथे अडकतात. गेली चौदा वर्षं मी दर गुरुवारी इथल्या सल्ला केंद्रात बसते आहे, आणि समोर येणाऱ्यांपैकी किती जणांनी फोनवर असंच काहीतरी कबूल केलेलं असतं! बँकेला जास्त सांगून इज्जत वाढत नाही, ओंकार. तू सांगितलेला हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला पोहोचतो का, एवढंच तिथे बघितलं जातं.

आता तुझं खातं. विद्यार्थी असताना व्याज शून्य होतं. पदवीनंतर ते 'ग्रॅज्युएट' खातं झालं, आणि शून्य व्याजाची मर्यादा बहुतेक बँका करतात तशी वर्षागणिक खाली आली. तुला ती पत्रं आली असणार, तू वाचली नसशील. मर्यादेच्या वरच्या रकमेवर बहुतेक मोठ्या बँकांचा दर सध्या वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास आहे. ३९.९ टक्के धरले तर दोन हजार पौंडांवर महिन्याला साधारण ५७ पौंड नुसतं व्याज होतं. तू पन्नास भरतोस आणि आकडा हलत नाही, यात तुझा हिशोब चुकलेला नाही. दरच तसा आहे.

बँकेने हे सारं उपकार म्हणून दिलं होतं असं समजू नकोस, आणि तो आपला हक्क होता असंही समजू नकोस. अठरा वर्षांचं गिऱ्हाईक एकदा आलं की आयुष्यभर राहतं, या हिशोबावर ही खाती चालतात. २००७मध्ये एचएसबीसीने पदवीधरांची बिनव्याजी सवलत काढायचं ठरवलं, तेव्हा विद्यार्थी संघटनेने फेसबुकवर मुलं गोळा केली आणि ऑगस्टअखेर बँकेने माघार घेतली. एकट्याने केलेल्या विनंतीने हे झालं नसतं. पण त्याच सुमाराला हजारो लोक बँकेचे जुने दंड परत मागत होते, आणि २५ नोव्हेंबर २००९ला सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात बँकांच्या बाजूने निकाल दिला. म्हणून 'सगळे चार्जेस परत मिळतात' असं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या भरवशावर राहू नकोस. एप्रिल २०२०पासून नियम बदलले आहेत. ओव्हरड्राफ्टवर रोजचा किंवा महिन्याचा ठोक आकार लावता येत नाही, फक्त व्याज लावता येतं, आणि मर्यादेबाहेर गेलेल्या रकमेचा दर मर्यादेतल्या दरापेक्षा जास्त ठेवता येत नाही. तुझ्या स्टेटमेंटवर हे ताडून बघायचं आहे.

सर्वांत आधी एक काम कर, उद्याच. तुझा पगार त्याच बँकेत जमा होतो ना? दुसऱ्या बँकेत साधं खातं उघड, ओव्हरड्राफ्ट नसलेलं. मात्र ती दुसरी बँक याच समूहातली नाही हे तपास. इथे वेगवेगळ्या नावांच्या बँका एकाच मालकीच्या असतात, लॉइड्स आणि हॅलिफॅक्ससारख्या. पगार, भाडं, विजेचं बिल तिकडे वळव. कारण तुझ्याच नावावरच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्याची थकबाकी वळती करून घेण्याचा अधिकार बँकेला असतो, आणि उणे खात्यात पगार पडला की तो तिथेच जिरतो. ही पळवाट नाही. भाडं, वीज आणि काउन्सिल टॅक्स आधी भरायचे, कारण ते थकले तर घर जातं, मीटरवर संकट येतं, कोर्टाचा माणूस दारात येतो. ओव्हरड्राफ्टचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. तू विद्यार्थी असताना काउन्सिल टॅक्स माफ होता, आता नाही. हे तुला कोणी सांगितलं होतं का, मला शंका आहे.

आणि तुझं मोठं शैक्षणिक कर्ज, स्टुडंट लोन्स कंपनीचं, ते यात मिसळू नकोस. ते पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की आपोआप कापलं जातं, पगार कमी असला तर काही कापत नाहीत. त्याची काळजी आज करायची नाही.

मग बँकेला पत्र लिही. फोन नको. फोनवर तू हो म्हणशील, मला माहीत आहे. पत्रात खातं उघडल्यापासूनचा उतारा माग, व्याज आणि मूळ रक्कम वेगळी दाखवायला सांग. 'पूर्ण रक्कम मला मान्य आहे' हे वाक्य उतारा बघण्याआधी लिहू नकोस. तुझी मिळकत आणि खर्च आकड्यांसकट मांड, जेवणखाण आणि बसभाडंही. मी खर्चाचे तक्ते तपासते तेव्हा मुलं जेवणाला महिना साठ पौंड लिहून आणतात, आणि मी ते कागद परत देते. खोटा साधेपणा तिसऱ्या महिन्यात उघडा पडतो. उरेल त्यातून जे झेपेल ते देऊ कर, मग ते पंधरा पौंड का असेनात, आणि व्याज थांबवण्याची विनंती कर. अडचणीतल्या ग्राहकाला सवलतीने वागवायचं बंधन फायनान्शिअल कंडक्ट अथॉरिटीने बँकांवर घातलेलं आहे. ती भीक नाही, नियम आहे.

हे लिहिताना मला आपल्या गावाकडची एक गोष्ट आठवते. सुपं आपल्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १२ मे १८७५ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, आणि सगळ्यात आधी काय मागितलं तर कर्जरोखे. ते जाळले. आपल्याला कशाने बांधलं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. चार वर्षांनी, १८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात न्यायाधीशाला रोख्यावरचा आकडा जसाच्या तसा न धरता पहिल्या उचलीपासूनचा सगळा हिशोब तपासता येऊ लागला, आणि हप्ते बांधून देता येऊ लागले. मी तुला उतारा मागायला सांगते आणि हप्ता बांधून घ्यायला सांगते, ते याहून वेगळं काही नाही. आपली माणसं हे दीडशे वर्षांपूर्वी शिकली, आणि त्याची किंमत देऊन शिकली.

वसुली कंपनीचा फोन येतो म्हणालास. ती माणसं कोर्टाची नव्हेत. त्यांना घरात यायचा, वस्तू उचलायचा कसलाही अधिकार नाही. दारात आली तर दार उघडायचं बंधन तुझ्यावर नाही. 'लेखी कळवा' एवढं सांग आणि फोन ठेव. पैसे मागणारी कंपनी अथॉरिटीच्या नोंदवहीत आहे का ते बघितल्याशिवाय एक पेनीही पाठवू नकोस, कारण या नावाखाली लुबाडणारेही फिरतात.

एका कागदाला मात्र मान द्यायचाच. 'लेटर ऑफ क्लेम' आलं तर उत्तराला ३० दिवस असतात, सोबत उत्तराचा फॉर्म असतो, तो भरून पाठवायचा. त्यापुढे काउंटी कोर्टाचा दावा आला तर १४ दिवसांत उत्तर, किंवा पोच देऊन एकूण २८ दिवस. गप्प बसलास तर न ऐकता निकाल लागतो. निकालाची रक्कम महिन्याच्या आत पूर्ण भरली तर ती नोंद निघते, नाहीतर तीही सहा वर्षं. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी लोकांचा दावा लढण्यासारखा होता. पाकीट फोडलं नाही म्हणून हरले.

श्वास घ्यायला वेळ हवा असेल तर तीही सोय आहे. मे २०२१पासून इंग्लंड-वेल्समध्ये 'ब्रीदिंग स्पेस' मिळते, ६० दिवस. त्या काळात बहुतेक व्याज आणि वसुली थांबते. पण ती सल्लागारामार्फतच घ्यावी लागते आणि वर्षात एकदाच मिळते, म्हणून घाईने खर्च करायची नाही. स्टेपचेंज आणि नॅशनल डेटलाइन दोघेही फुकट सल्ला देतात. पैसे घेऊन कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नकोस. मी नातेवाईक असल्यामुळे तुझी फाईल आमच्या केंद्रात मी हाताळणार नाही, तो नियम मी मोडत नाही. घरी बसून कागद लावायला मात्र कोणाची हरकत नाही.

बँकेने उत्तर दिलं नाही किंवा धुडकावलं, तर तिच्याकडेच लेखी तक्रार कर. आठ आठवडे वाट बघ, मग फायनान्शिअल ऑम्बड्समनकडे जाता येतं, तेही फुकट. अंतिम उत्तर आलं तर त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत जायचं असतं.

आता दादा-वहिनींचं. त्यांना सांग. मी सांगणार नाही, तू सांग, आणि मी हो म्हणेपर्यंत थांबू नकोस. दादा लगेच बारामतीची एफडी मोडायला निघेल, कारण आजीच्या औषधांसाठी ठेवलेल्या पैशांखेरीज त्याच्याकडे दुसरी गंगाजळी नाही. त्याला ते करू देऊ नकोस. आकडा त्याला कळू दे, हप्ता तुझ्या खात्यातून जाऊ दे. तुझ्या काकांना मी दोन वर्षं सांगितलं नव्हतं. त्यांना राग पैशाचा आला नाही, त्या दोन वर्षांचा आला. तो निवळायला बराच काळ गेला.

माझं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. केंद्रातल्या एका बाईंनी माझा तक्ता मांडून दिला. ११८० पौंड, महिन्याला २५, व्याज बंद. बँकेने पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्या पत्राला हो म्हटलं. शेवटचा हप्ता २००२च्या ऑक्टोबरात गेला. ते पत्र अजून माझ्याकडे आहे, शनिवारी दाखवीन.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. लॅपटॉप नको, स्टेटमेंटं छापून आण, आणि न फोडलेली पाकिटं तशीच्या तशी पिशवीत घालून आण. आपण ती जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे लावू आणि एकेक फोडू. मी साडेदहाला स्टेशनवर असेन.

तुझी,
आत्या