झाकून ठेवलेले दुखणे

शास्त्रपाठ : मार्क ५:२५-३४, लेवीय १५:२५-२७, स्तोत्र ७१:९

या महिन्याच्या पाठाचा विषय वाचून काहींना संकोच वाटेल. लिहिताना आम्हालाही वाटला. परंतु भोपाळातील आमच्या मंडळीत एक आजी चाळीस वर्षे दुसऱ्या बाकावर बसत. हळूहळू त्या दाराजवळच्या बाकावर आल्या आणि पुढे उपासनेला येईनाशाच झाल्या. त्यांचा विश्वास थंडावला, असे आम्ही आपसात बोललो. ते बोलणे आता आम्हाला टोचते. पुढे पाळकीणबाई घरी गेल्या तेव्हा आजी म्हणाल्या, "गीताला उभी राहिले की खोकला येतो, अन् खोकला आला की लुगडं ओलं होतं. चार माणसांत कशी येऊ, बाई?" सूनबाईंनाही हे ठाऊक नव्हते, आजी लुगडी पहाटेच धुऊन टाकीत.

आता मार्काचा पाठ उघडा. त्या स्त्रीला बारा वर्षे रक्तस्राव होत होता. लघवीच्या विकाराचा येथे उल्लेख नाही, तेव्हा ओढूनताणून अर्थ लावू नये. पण लेवीयातील नियम पाहिला की तिची अडचण कळते : ती जेथे बसे ती जागाही अशुद्ध ठरे. म्हणजे दुखणे अंगाचे, आणि तुटली मात्र ती माणसांपासून. म्हणूनच ती गर्दीत मागून आली. प्रभूने तिला बरे केले. मग थांबून, आपल्याला कोणी स्पर्श केला असे विचारले. ती भीत भीत पुढे आली व तिने काही लपविले नाही. त्याने तिला कन्या म्हटले. ती अनेक वैद्यांकडे जाऊन आली होती, पैसा खर्चून बसली होती. पण वैद्यांकडे का गेलीस, असे प्रभूने तिला विचारले नाही. जे केवळ प्रार्थना करा म्हणून सांगतात त्यांनी हे लक्षात घ्यावे.

लघवी न धरवणे हा म्हातारपणाचा अटळ भाग नव्हे. बाळंतपणांनी आणि वयाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. मग खोकताना, शिंकताना, बादली उचलताना लघवी गळते. काहींना एकाएकी अशी घाई होते की मोरीपर्यंत पोचवत नाही. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढली की मूत्राशय पुरता रिकामा होत नाही व थेंब थेंब गळत राहतो. मधुमेह, बद्धकोष्ठ, लघवीतील जंतुदोष, रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी, हीही कारणे असतात. आमच्या शहरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८४च्या २-३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यातून वाचलेल्या कित्येकांना खोकला कायमचा जडला, आणि जुना खोकला या स्नायूंवर सतत ताण आणतो. अशा वेळी छातीचा उपचार हाही याच दुखण्याचा उपचार होय.

बहुतेक जण स्वतःच एक चुकीचा उपाय करतात : पाणी पिणे सोडतात. त्याने लघवी दाट होते, मूत्राशय अधिक चुरचुरतो, शौचास खडा होतो आणि त्रास वाढतो. मे महिन्यातल्या भोपाळच्या उन्हात तर हे धोक्याचेच. पाणी नेहमीसारखे प्यावे. चहा कमी करावा, निजण्याआधी तर घेऊच नये.

अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेला व्यायाम आजही सांगतात. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते, लघवी होत नसताना, पाच सेकंद आवळून सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये. गुण यायला तीनेक महिने लागतात. ज्यांना घाई होते त्यांनी दोन वेळांतले अंतर दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू वाढवावे. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस वहीत टिपावे : किती प्यायलो, केव्हा गेलो, केव्हा गळली. लाजेने तोंडून निघत नाही ते वही सांगते.

मात्र लघवीत रक्त दिसले, ताप आला, लघवी अडली किंवा हा त्रास एकाएकी सुरू होऊन माणूस बरळू लागला, तर वाट पाहू नये. हमीदिया रुग्णालय, २०१२ साली सुरू झालेले एम्स, गॅसपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल, अशी मोठी रुग्णालये आपल्या शहरात आहेत. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर, बाहेरच्या तपासणीस नव्हे.

घरच्यांनी रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवावा. घाईत पडून खुब्याचे हाड मोडले की म्हातारे माणूस अंथरुणाला खिळते.

आमच्या आजींना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेले, खोकल्याचे औषध सुरू झाले, व्यायाम चालू आहे. गळणे पुरते थांबलेले नाही, कमी झाले आहे. त्या पुन्हा येतात, दाराजवळ बसतात.

वर्गशिक्षकांनी स्तोत्र ७१ मधील वृद्धाची प्रार्थना वाचून वर्गाला विचारावे : गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीतून कोण येईनासे झाले? त्यांच्या घरी कोण गेले? आणि आपल्या मंदिराचे स्वच्छतागृह कोठे आहे, तेथे पायऱ्या किती, लांब उपदेशाच्या वेळी त्याला कुलूप असते काय?