कागद वाया जाऊ द्या

आई-बाबांनो, शाईचित्रांच्या वर्गातून मुलांना न्यायला येता, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'आज काय काढलंस?' मूल पिशवीतून कागदांची चळत काढतं. प्रत्येक कागदावर बांबूचं तेच खोड आणि तीच चार पानं. कुठे शाई फुटलेली, कुठे रेघ मध्येच तुटलेली. 'एवढे कागद घालवलेस?' हे वाक्य तुमच्या तोंडून सहज निघून जातं. त्याच वाक्याबद्दल आज मोकळेपणाने बोलायचं आहे.

चीन आणि जपानमधल्या या चित्रकलेत खोडरबर नाही. बहुतेक वेळा आधी पेन्सिलीने आकारही काढून घेत नाहीत. चीनच्या आनह्वेइ प्रांतात झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनणारा श्वेन कागद शाई लगेच शोषून घेतो. कुंचला टेकवून विचार करत बसलं की तिथे डाग पसरतो. एका रेघेवरून दुसरी फिरवली तर डागडुजी लपत नाही. त्यामुळे चुकलेली रेघ सुधारण्याची जागा एकच, ती म्हणजे पुढचा कागद. तुम्हाला वाया गेलेला दिसतो तो कागद म्हणजे मुलाचा त्या दिवसाचा अभ्यास असतो.

बांबूच का, असंही तुम्ही विचारता. प्लमचा बहर, ऑर्किड, बांबू आणि शेवंती हे चार विषय तिकडे शतकानुशतकं शिकवले जातात, कारण हाताला लागणाऱ्या बहुतेक सवयी त्यांत येतात. बांबूचं खोड काढताना कुंचला दाबायचा, पुढे न्यायचा, पेराशी थांबवायचा, उचलायचा. पानासाठी दाब हळूहळू कमी करत टोक निमुळतं सोडायचं. मनगट टेबलावर टेकवायचं नाही, हात खांद्यातून हलला पाहिजे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे जड जातं, आणि जावंच. 'नुसती नक्कल करून घेता, मनाचं कधी काढणार?' या काळजीलाही माझं उत्तर आहे. चीनमध्ये 1679 साली 'मोहरीच्या दाण्याएवढी बाग' या नावाच्या चित्रपाठांच्या पुस्तकाचा पहिला भाग छापला गेला, आणि पुढे कित्येक पिढ्या त्यातल्या खडक-झाडांवर हात गिरवत शिकल्या. मनातलं कागदावर उतरवायला आधी हात तयार लागतो.

शाईची वडी दगडावर घासण्यात बराच वेळ जातो, तोही तुम्हाला खटकतो. देवघरात सहाणेवर चंदन उगाळतात तशीच ही वडी थोड्या पाण्यात हळूहळू उगाळायची असते. काजळी आणि सरस यांची ती वडी. पाइनच्या काजळीची शाई निळसर झाक देते, तेलाच्या काजळीची तपकिरी. उगाळता उगाळता काळा किती दाट झाला, पाणी घातल्यावर किती फिका पडला, हे मुलाला डोळ्यांनी कळू लागतं. घाईने आलेलं मूल तेवढ्यात शांतही होतं. ही दहा-पंधरा मिनिटं कृपा करून कापायला सांगू नका.

मुलाला असा वेळ आणि जागा देण्याबद्दल बोलताना मला चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींची फार आठवण येते. लहानपणापासून त्यांची नजर अत्यंत अधू होती. असा मुलगा चित्रकार कसा होणार, ही शंका कुणालाही आली असती. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते शिकले. नंदलाल स्वतः 1924 साली रवींद्रनाथांबरोबर चीन-जपान पाहून आले होते. विनोदबिहारीही पुढे जपानला गेले आणि तिथली शाईची कामं त्यांनी जवळून पाहिली. नंतर उरलीसुरली दृष्टी गेल्यावरही त्यांनी काम थांबवलं नाही. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी 1972 साली त्यांच्यावर माहितीपट केला. त्यांना काम करत राहायला जागा मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

घरी तुमच्याकडून फार काही नको. रोजच्या सरावाला जुनं वर्तमानपत्र चालतं, महागडा कागद वर्गापुरता ठेवा. बाटलीतली शाई घेतलीत तर लाख मिसळलेली घेऊ नका, ती वाळली की कुंचल्याचे केस कडक होतात. कुंचला साध्या पाण्यात धुऊन टोक जुळवून आडवा ठेवा, पेल्यात केसांवर उभा नको. कपड्यांवरचा डाग जाणार नाही, तेव्हा जुना सदरा घालू द्या आणि त्यावरून रागावू नका.

कागद टाकून देण्याआधी त्यांवर तारीख घालायला सांगा. महिन्याने दोन कागद शेजारी ठेवा आणि कोणती रेघ त्याला स्वतःला आवडते, ते विचारा. तुमची निवड आधी सांगू नका. आणि एक कळकळीची विनंती: पहिलं वर्षभर तरी या चित्रांना स्पर्धेत पाठवू नका. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी हवी तर जरूर करा, ती वेगळ्या वेळी, वेगळ्या वहीत. बक्षिसाची सवय लागली की मूल जमलेलाच बांबू पुन्हा पुन्हा काढतं आणि न जमलेल्या ऑर्किडच्या पात्याकडे वळतच नाही.