जुन्या मोटारीतून वाऱ्यावर वीज

ताईंनो, केडगावहून पुण्याकडे जाताना सुप्याजवळ डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. पडून असलेल्या थ्री फेज मोटारीतूनही वाऱ्यावर वीज निघते, पण नुसती पाती बसवून नाही. पाटीवर मिनिटाला १४४० फेरे लिहिले असतील, तर घरच्यासारखी वीज मिळायला ती १५०० च्या वर फिरवावी लागते. शिवाय कपॅसिटर जोडावे लागतात. पाती फार सावकाश फिरतात, म्हणून मध्ये पुली-पट्टा किंवा गिअर हवा.

गटातून कर्ज देण्याआधी कारागिराला विचारा: फेरे कसे वाढवणार? वारा पडला तर काय?

आणि ही वायर घरच्या लाइनला कधीच जोडू नका. लाइट गेली म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल.