'फरक स्पष्ट करा' आणि दोन महागड्या गाड्या

इयत्ता : आठवी (नववी-दहावीलाही चालेल)
विषय : गणित, शेकडेवारी, चक्रवाढ व्याज, जीएसटी. थोडी मराठीसुद्धा.
तासिका : तीन, खरं तर चार लागतात.



'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न आपल्या मुलांच्या हाडीमासी मुरलेला आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, चार मुद्दे, चार गुण. विज्ञान असो की भूगोल, साचा तोच. या साच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यात दोन गोष्टींमध्ये जे वेगळं आहे तेवढंच दिसतं. दोन्हींत जे सारखंच आहे, किंवा दोन्हींत जे नाहीच, त्याला रकानाच नाही. परीक्षेत याने काही बिघडत नाही. घरात सत्तर-पंचाहत्तर लाखांची खरेदी निघाली की मात्र बिघडतं.

हे उदाहरण वर्गातूनच आलं. आमची शाळा घोडपदेवची. एकीकडे भायखळा, दुसरीकडे रे रोड आणि कॉटन ग्रीन, रस्त्याला गोदीकडचे ट्रक, जुन्या चाळी आणि त्यांच्या शेजारी वर चढलेले टॉवर. आठवीच्या एका मुलीच्या घरी वाहतुकीचा धंदा आहे. वडील आणि काका मिळून मोठी गाडी घ्यायची म्हणत होते आणि रोज जेवताना वाद : मर्सिडीजची जीएलसी की ऑडीची क्यू फाइव्ह? "बाई, गणिताने ठरवता येईल का?" असं तिने विचारलं. (घरच्यांना विचारून लिहिते आहे, नाव लिहीत नाही.) वर्गात अशीही मुलं आहेत ज्यांचे वडील दुसऱ्याच्या अशाच गाडीवर ड्रायव्हर आहेत. हा विषय घ्यावा की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. घेतला, आणि त्या मुलांचा उपयोग सगळ्यात जास्त झाला.

पहिल्या दिवशी नेहमीसारखी उभी रेघ मारली आणि मुलांनाच भरू दिलं. त्यांनी आणलेले आकडे असे. जीएलसी : ऑगस्ट 2023 मध्ये भारतात आली, पेट्रोल गाडीची शोरूम किंमत तेव्हा 73.5 लाख, लांबी 4716 मिलिमीटर, डिकी 620 लिटर, ताकद 258 हॉर्सपॉवर. क्यू फाइव्ह : नोव्हेंबर 2021 मध्ये आली, सुरुवातीची किंमत 58.93 लाख, लांबी 4682 मिलिमीटर, डिकी 520 लिटर, ताकद 249 हॉर्सपॉवर. एकाने लगेच निकाल दिला, "ऑडी साडेचौदा लाखांनी स्वस्त!" इथे थांबा आणि मुलांना तारखा पुन्हा वाचायला लावा. दोन किमतींमध्ये पावणेदोन वर्षांचं अंतर आहे. गेल्या वर्षीच्या कांद्याच्या भावाची आजच्या बटाट्याच्या भावाशी तुलना केल्यासारखंच ते. भाव एकाच दिवसाचे हवेत, हे मुलांना एकदाच सांगावं लागतं. मोठ्यांना बरेचदा.

आता या पाठातलं माझं आवडतं गणित. जीएलसी डिझेलमध्येही मिळते. त्याच ऑगस्टमधली तिची किंमत 74.5 लाख, म्हणजे पेट्रोलपेक्षा फक्त एक लाख जास्त. डिझेल लिटरमागे जास्त पळतं, भावही कमी, मग डिझेलच घ्यायची ना? वर्गाचं एकमत झालं. मग महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर फळ्यावर लिहिला : वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के, डिझेलला 15 टक्के.

पेट्रोल : 73.5 लाखांवर 9.555 लाख कर, एकूण 83.055 लाख.
डिझेल : 74.5 लाखांवर 11.175 लाख कर, एकूण 85.675 लाख.

एक लाखाचा फरक रस्त्यावर येईपर्यंत 2.62 लाखांचा झाला. आता तो भरून कधी निघेल? कंपनीचा दावा पेट्रोलला लिटरमागे 14.7 किलोमीटर, डिझेलला 19.4. मुंबईत 2025 मध्ये पेट्रोल साधारण 103.50 रुपये आणि डिझेल 90 रुपये होतं, तेच धरलं. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला 7.04 रुपये, डिझेलचा 4.64 रुपये. वाचतात 2.40 रुपये. 2,62,000 भागिले 2.40, म्हणजे सुमारे एक लाख नऊ हजार किलोमीटर! मुंबईत वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्यासाठी साडेतेरा वर्षं लागतील. वर्गात अक्षरशः शांतता झाली. दावा आणि प्रत्यक्ष यांत फरक पडतो, विमा आणि सर्व्हिसिंग आपण धरलेलं नाही, हेही मुलांकडूनच काढून घ्या. आकडे बदलतील, मांडणी बदलणार नाही. रोज पुण्याला ये-जा करणाऱ्याचं उत्तर अर्थातच वेगळं येईल.

जीएसटीचं गणित छोटं आहे, पण फसवं. अशा मोठ्या एसयूव्हींवर 22 सप्टेंबर 2025 पूर्वी 28 टक्के जीएसटी आणि 22 टक्के सेस, मिळून 50 टक्के होते. त्या दिवसापासून सरसकट 40 टक्के झाले. "दहा टक्के कमी झाले, म्हणजे गाडी दहा टक्क्यांनी स्वस्त" असं मुलं म्हणतात, आणि दुकानदारही म्हणतात. करून बघा. करासह 73.5 लाख, म्हणजे मूळ किंमत 49 लाख. त्यावर 40 टक्के लावले की 68.6 लाख. घट 4.9 लाख, म्हणजे 6.67 टक्के. शेकडा कशाचा काढायचा, हे शिकवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

कर्जाचं कोष्टक मोबाइलवर करून घेतलं. 60 लाख, 9 टक्के दर. पाच वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे 1,24,550 रुपये. सात वर्षांसाठी 96,534. हप्ता अठ्ठावीस हजारांनी हलका वाटतो, पण एकूण व्याज 14.73 लाखांवरून 21.09 लाखांवर जातं. आणि विम्याच्या तक्त्यात चार वर्षं उलटून पाचवं चालू असलेल्या गाडीची किंमत निम्मी धरतात.

व्याजदराचा विषय निघालाच आहे, तर एक खरी गोष्ट वर्गात जरूर सांगा. या दोन्ही गाड्यांची जोडणी आपल्याच राज्यात होते. मर्सिडीजची चाकणला, ऑडीची छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. त्याच संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ऑक्टोबर 2010 मध्ये उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकदम 150 मर्सिडीज घेतल्या. एकूण किंमत 65 कोटी. मुलांना सरासरी काढायला सांगा : 43.33 लाख. स्टेट बँकेने त्यासाठी 40 कोटींहून जास्त कर्ज दिलं, 7 टक्क्यांनी. मागास म्हटल्या जाणाऱ्या मराठवाड्यात हे झालं म्हणून तेव्हा पेपरांनी कौतुक केलं. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये त्याच काळातल्या ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर शेजारी मांडला. तो 12 टक्के होता. आमच्या वर्गात एकाने विचारलं, "पण ट्रॅक्टर तर कामाचा असतो ना, बाई?" मी उत्तर दिलं नाही. दहा हजार रुपयांवर 7 टक्के आणि 12 टक्के दराने पाच वर्षांचं चक्रवाढ व्याज काढायला दिलं. 4,026 आणि 7,623 रुपये आले.

इतकं झाल्यावर तिसऱ्या तासाला रेघेच्या उजवीकडे आणखी एक रेघ मारली आणि तिसऱ्या रकान्यावर लिहिलं : 'दोन्हींत नाही'. आता काय लिहायचं, कोणालाच कळेना. मग त्या मुलीला विचारलं, घरात माणसं किती? आजी, आजोबा, आई, बाबा, काका, काकू, ती. सात. जीएलसीत सीट किती? पाच. क्यू फाइव्हमध्ये? पाच. जुन्नरकडच्या गावी जत्रेला सगळे एकत्र जायचे, म्हणून तर मोठी गाडी घ्यायची होती! तीन आठवडे डिकी, छत, दिवे, बॅज यांवर वाद झाला, पण हे कोणाच्या बोलण्यात आलं नाही. येणार कसं? दोन्ही गाड्यांत पाचच सीट, म्हणजे फरक नाही, म्हणजे मुद्दा नाही.

ड्रायव्हरच्या मुलाने पुढे सांगितलं, "बाई, पाच पण नाय बसत नीट. मागे मधे बसणाऱ्याच्या पायाखाली उंचवटा येतो. पप्पा बोलतात, साहेबांच्या गाडीत मधे कोणीच बसत नाय." चारही चाकांना ताकद देणारी गाडी असली की मागच्या चाकांकडे जाणारा दांडा खालून जातो, त्याचाच तो उंचवटा. माहितीपुस्तिकेत हे कुठेच नव्हतं.

दुसरी गोष्ट जागेची. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत पार्किंगची दोन मापं आहेत : छोट्या गाडीला 2.3 बाय 4.5 मीटर, मोठ्या गाडीला 2.5 बाय 5.5 मीटर. मुलीला मोजपट्टी देऊन घरी पाठवलं. त्यांच्या वाट्याची जागा छोटी निघाली. एक गाडी तिच्याबाहेर 22 सेंटिमीटर येणार, दुसरी 18. रुंदी दोघींची साधारण 1.89 मीटर, म्हणजे जागेत मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर. तेवढ्या फटीतून आजी काय, आठवीतलं पोरगंही बाहेर निघायचं नाही. यांत्रिक पार्किंग असेल तर त्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तीही वाचायला सांगा. या गाड्या दोन टनांच्या आसपास असतात.

तिसरा रकाना भरून ती वही घरी गेली. काकांना ते फारसं रुचलं नाही, असं ती म्हणाली. आजोबांनी मात्र वही ठेवून घेतली. मध्यंतरी वडील शाळेत भेटले. सात सीटच्या गाड्या बघतो आहोत म्हणाले, आणि रस्त्यापलीकडे भाड्याने जागा मिळते का तेही. घ्यायची की नाही हा प्रश्न आता घरात उघडपणे विचारला जातो, आधी फक्त कुठली एवढाच होता. मर्सिडीजचं खूळ पूर्ण गेलंय असं मला वाटत नाही. जाऊही नये कदाचित; मेहनतीचा पैसा आहे, हौस असतेच माणसाला. फक्त ती हौस म्हणून स्वतंत्र ओळीत लिहावी, 'गावाला जायला लागते' या ओळीत लपवू नये.

तुम्हाला हा पाठ घ्यायचा असेल तर गाड्याच हव्यात असं नाही. दोन फ्रिज चालतील, दोन कोचिंग क्लास तर फारच चांगले. क्रम मात्र बदला : आधी घरातल्या माणसांकडून गरजा लिहून आणायच्या, प्रत्येकाची एक, आजीआजोबांचीसुद्धा. मग कागद घडी करून ठेवायचा. त्यानंतरच माहितीपुस्तिका उघडायची. आम्ही उलट्या क्रमाने मुद्दाम केलं, मुलांना तो रकाना रिकामा दिसावा म्हणून. दुसऱ्या तुकडीला सरळ क्रमाने दिलं तेव्हा सीटचा मुद्दा पाच मिनिटांत आला, पण ती शांतता काही आली नाही. कुठला क्रम चांगला, ते तुमचा वर्ग बघून ठरवा. वह्या तपासताना मी आता तिसरा रकाना आधी वाचते.